चाळिशी लागते ती भिंगाला

‘रोज दहा मिनिटं डोळे गोल फिरवा, चाळिशीचा चष्मा कायमचा उतरवा!’ असा व्हिडिओ आठवड्यात तिसऱ्यांदा व्हॉट्सॲपवर आला. वयाबरोबर डोळ्याचा स्नायू दुबळा होतो आणि व्यायामाने तो बळकट होईल, हा हिशेब सरळ वाटतो म्हणून लोकांना पटतो. पण इथे दोष स्नायूचा नाहीच.

बाहुलीमागे पारदर्शक भिंग असतं, त्याभोवती स्नायूचं कडं, आणि दोघांमध्ये बारीक तंतू. लांब पाहताना स्नायू सैल असतो, तंतू ताणलेले आणि भिंग चपटं. जवळ पाहायचं तर स्नायू आवळतो, कडं लहान होतं, तंतू सैल पडतात आणि भिंग फुगतं. गंमत इथेच आहे. भिंगाला कोणी दाबून फुगवत नाही. ताण सुटला की ते आपल्याच लवचीकपणामुळे गोल होतं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५५ मध्ये हे मांडलं.

पण या भिंगावर जन्मभर नव्या पेशींचे थर चढतात आणि जुनी पेशी कधीच गळत नाही. गाभ्यातल्या पेशी तर आपण आईच्या पोटात असतानाच्या! तिथली प्रथिनं बदलली जात नाहीत, आणि भिंग कडक होत जातं. लहानपणी दहा डायॉप्टरहून (चष्म्याचा नंबर मोजतात ते एकक) जास्त असलेली फुगण्याची क्षमता चाळिशीत चार-पाचावर येते, साठीत जवळजवळ संपते. स्नायू तेव्हाही आवळतो, पण तंतू सैल पडूनही भिंग फुगत नाही. आणि डोळे गोल फिरवणारे सहा स्नायू तर डोळ्याच्या गोळ्याबाहेरचे, त्यांचा या भिंगाशी संबंधच नाही. असे व्हिडिओ पुढे पाठवू नका.

मेंदू मात्र शिकत राहतो. सगळं एका बाजूला सरकलेलं दाखवणारा प्रिझमचा चष्मा घालून निशाणावर चेंडू फेकले, तर आधी नेम चुकतो, मग जमतो. हे काम मेंदूच्या मागे, खाली असलेल्या लहान मेंदूचं. वयस्करांना जास्त चेंडू लागतात. पण चष्मा काढल्यावर हात उलट बाजूला चुकतो, आणि ही चूक त्यांच्यात तरुणांपेक्षा मोठीही आढळली आहे. म्हणजे वेळ लागला, तरी शिकलेलं बसलेलं असतं.

आईने प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर) घेतला तेव्हा जिना उतरताना पायऱ्या अंधुक दिसायच्या, कारण काचेचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो. पहिला आठवडा ती कठडा घट्ट धरून, एकेक पाऊल चाचपत उतरायची. दोन आठवड्यांनी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन उतरली, हनुवटी छातीकडे झुकवून, काचेच्या वरच्या भागातून पायऱ्या बघत. मान कधी झुकवायला लागली, हे तिला सांगता आलं नाही.