डेटाबेसची कमांड-लाइन साधने : बसवणे आणि शोधणे

डेटाबेस सर्व्हर एका यंत्रावर आणि त्याला प्रश्न विचारणारा माणूस दुसऱ्या यंत्रावर असेल, तर त्या दुसऱ्या यंत्राला क्लायंट म्हणतात. क्लायंटवर बसून नुसत्या टाइप केलेल्या आज्ञांनी सर्व्हरशी बोलणारे छोटे प्रोग्राम म्हणजे डेटाबेसची कमांड-लाइन साधने. पोस्टग्रेस या डेटाबेसचे पीएसक्यूएल, मायएसक्यूएलचे त्याच नावाचे मायएसक्यूएल, ओरॅकलचे एसक्यूएल प्लस आणि मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचे एसक्यूएलसीएमडी ही त्यांतली रोजच्या वापरातली. डंप, म्हणजे डेटाबेसची फाइलमधली नक्कल, घेणारे पीजी-डंप आणि मायएसक्यूएल-डंप हे त्यांचेच भाऊबंद. ही साधने यंत्रावर बसवणे हे एक काम आणि बसवलेली सापडणे हे वेगळेच काम. तक्रारी बहुतेक या दुसऱ्या कामाच्या असतात.

पुण्यात या साधनांशी पहिली गाठ बऱ्याचदा कॉलेजच्या लॅबमध्ये पडते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या प्रात्यक्षिकांत पोस्टग्रेस असते. लॅबमधल्या लिनक्स यंत्रावर कुणीतरी सगळे आधीच मांडून ठेवलेले असते. पीएसक्यूएल टाइप केले की प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञेची वाट पाहणारी ओळ, हजर. तोच विद्यार्थी कॉट बेसिसवरच्या खोलीत येऊन आपल्या विंडोज लॅपटॉपवर पोस्टग्रेस बसवतो, इन्स्टॉलर शेवटपर्यंत जातो, आणि कमांड प्रॉम्प्टवर तीच आज्ञा दिली की उत्तर येते : ‘इज नॉट रेकग्नाइज्ड अ‍ॅज अ‍ॅन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड’. तो वैतागून सगळे काढून पुन्हा बसवतो. पुन्हा तेच. खरे तर बिघडलेले काहीच नसते. प्रोग्राम सी ड्राइव्हवरच्या प्रोग्राम फाइल्समध्ये, पोस्टग्रेसच्या फोल्डरात, आवृत्तीच्या आकड्याखालच्या ‘बिन’ नावाच्या फोल्डरात बसलेला असतो. इन्स्टॉलरने तो पत्ता पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या यादीत, घातलेला नसतो, एवढेच. स्टार्ट मेनूतला ‘एसक्यूएल शेल’ मात्र व्यवस्थित उघडतो, कारण त्या शॉर्टकटला पूर्ण पत्ता ठाऊक असतो. (हा विंडोज इन्स्टॉलर तयार करणाऱ्या एंटरप्राइझडीबी कंपनीचे एक कार्यालय पुण्यातच आहे.)

पाथ म्हणजे फोल्डरांच्या पत्त्यांची क्रमवार यादी. विंडोजवर दोन पत्त्यांमध्ये अर्धविराम, लिनक्स व मॅकवर अपूर्णविराम. नुसते नाव टाइप केले की शेल, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, ही यादी पहिल्यापासून चाळतो आणि त्या नावाचा पहिला प्रोग्राम दिसला की तोच चालवतो. पुढे आणखी कुणी आहे का, हे पाहत नाही. सदाशिव पेठेत ‘जोशी कुठे राहतात’ म्हणून विचारावे आणि पहिल्या जोशांच्या दारात थांबावे, तसे. म्हणून एकाच लॅपटॉपवर पोस्टग्रेसच्या १४ आणि १६ अशा दोन आवृत्त्या असल्या तर कोणती उत्तर देते, हे यादीतल्या क्रमावर ठरते. ते पाहायला विंडोजवर ‘व्हेअर’ आणि लिनक्स-मॅकवर ‘व्हिच’ ही आज्ञा आहे. सगळे जुळे भाऊ एकदम पाहायचे तर ‘टाइप’ला ‘ए’ हा पर्याय जोडावा. विंडोजच्याच पॉवरशेल या दुसऱ्या शेलमध्ये नुसते ‘व्हेअर’ म्हणजे भलतीच आज्ञा निघते; तिथे ‘गेट-कमांड’ वापरावी. पाथ बदलल्यावर आधीच उघडलेल्या खिडकीला तो बदल कळत नाही, नवी खिडकी उघडावी लागते. विंडोजच्या ‘सेटएक्स’ या आज्ञेने पाथ बदलताना जपावे : १०२४ अक्षरांच्या पुढचे ती कापून टाकते, आणि कापले गेलेले काय होते हे कळते तेव्हा दुसरेच काहीतरी बंद पडलेले असते.

क्लायंट यंत्राला सर्व्हर लागत नाही. हे इतके साधे असूनही ‘एक आज्ञा चालवायची होती’ म्हणून अख्खा डेटाबेस सर्व्हर बसवलेले लॅपटॉप हिंजवडीपासून खराडीपर्यंत पुष्कळ सापडतील. तो सर्व्हर मग यंत्र सुरू होताच मागे चालू राहतो आणि मेमरी खातो. पोस्टग्रेसच्या विंडोज इन्स्टॉलरमध्ये सर्व्हरची खूण काढून फक्त ‘कमांड लाइन टूल्स’ ठेवता येतात. उबंटू व डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर पोस्टग्रेसक्यूएल-क्लायंट, मारियाडीबी-क्लायंट अशी वेगळी पॅकेजेस आहेत; उबंटूवर मायएसक्यूएल-क्लायंटही आहे. मॅकवर होमब्रू या पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाचे ‘लिबपीक्यू’ पुरते; पण होमब्रू ते मुद्दाम पाथला जोडत नाही, आणि ‘बसवले तरी सापडत नाही’ ही तक्रार तिथेही उगवते. अ‍ॅपलच्या नव्या चिपच्या मॅकवर त्याचा ‘बिन’ फोल्डर ऑप्टमधल्या होमब्रू फोल्डरच्या आत असतो.

कंपनीच्या लॅपटॉपवर अ‍ॅडमिनचे अधिकार नसतात आणि आयटीकडे तिकीट टाकून दोन दिवस जातात. ओरॅकलचे इन्स्टंट क्लायंट इथे सोयीचे पडते : बेसिक आणि एसक्यूएल प्लस या दोन झिप एकाच फोल्डरात उघडल्या की काम झाले. विंडोजवर स्वतःच्या खात्यापुरता पाथ अ‍ॅडमिनशिवायही बदलता येतो. ओरॅकलमध्ये मात्र प्रोग्राम सापडला तरी शोध संपत नाही. सर्व्हरचे टोपणनाव ज्या टीएनएसनेम्स फाइलमध्ये लिहिलेले असते ती कुठे आहे, हे टीएनएस-अ‍ॅडमिन या चलाने (यंत्रावर नोंदवलेल्या सेटिंगने) सांगावे लागते. नाहीतर ओआरए-१२१५४ ही चूक येते. तिचा अर्थ ‘या नावाचा पत्ता मला माहीत नाही’ असा आहे; सर्व्हर बंद असल्याशी तिचा संबंध नाही.

संदेश नीट वाचला तर निम्मे काम तिथेच होते. ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणजे शेलला प्रोग्रामच दिसला नाही, अजून जाळ्यावर काही गेलेलेच नाही. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे प्रोग्राम सापडला, चालला, समोरच्या यंत्रापर्यंत पोचला आणि तिथे त्या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या त्या क्रमांकाच्या दारावर, कुणी ऐकत नव्हते. घरून काम करताना व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात नेणारी सुरक्षित जोडणी, लावायचा राहिला तर बहुधा काहीच उत्तर न येता कर्सर लुकलुकत बसतो. पोर्ट पाठ असलेले बरे : पोस्टग्रेस ५४३२, मायएसक्यूएल ३३०६, ओरॅकल १५२१, एसक्यूएल सर्व्हर १४३३.

आवृत्तीचा घोळ वेगळा. उबंटू २२.०४ च्या स्वतःच्या भांडारात पोस्टग्रेस १४ चा क्लायंट आहे. सर्व्हर १६ वर नेला की त्या लॅपटॉपवरचे पीएसक्यूएल एखादी सूचना देऊन चालत राहते, पण पीजी-डंप साफ नकार देते : स्वतःपेक्षा नव्या मुख्य आवृत्तीच्या सर्व्हरचा डंप ते घेतच नाही. उलट दिशेने, नव्या साधनाने जुन्या सर्व्हरचा डंप, बिनतक्रार होतो. त्यामुळे पोस्टग्रेसपुरते तरी क्लायंट नवा ठेवावा. मायएसक्यूएलला हा नियम तसाच लागू पडत नाही, ८.० चे डंप साधन ५.७ च्या सर्व्हरवर चालवले की ‘कॉलम स्टॅटिस्टिक्स’ नावाच्या तक्त्यावरून अडते आणि आज्ञेतला त्याच नावाचा पर्याय शून्य करावा लागतो.

सगळ्यात फसवा प्रकार रात्रीचा. दिवसा हाताने चालवलेली बॅकअपची स्क्रिप्ट छान चालते, तीच क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रामला, लावली की सकाळी शून्य बाइटची फाइल मिळते. क्रॉनचा पाथ तोकडा असतो. आपण आपल्या शेलच्या फाइलमध्ये जोडलेले पत्ते त्याला दिसत नाहीत. एसक्यूएलसीएमडीला हे हमखास नडते, कारण लिनक्सवर ते ऑप्टखालच्या एमएसएसक्यूएल-टूल्स१८ या आडबाजूच्या फोल्डरात बसते. स्क्रिप्टमध्ये प्रोग्रामचा पूर्ण पत्ता लिहावा. पासवर्ड मात्र आज्ञेत लिहू नये, तो शेलच्या इतिहासात राहतो. पोस्टग्रेससाठी घरच्या फोल्डरात ‘पीजीपास’ फाइल ठेवता येते. लिनक्सवर तिची परवानगी ०६०० हवी. त्याहून सैल असली तर पीएसक्यूएल सूचना देऊन ती फाइल बाजूला सारते आणि पासवर्ड विचारते, आणि रात्री दोन वाजता उत्तर द्यायला कुणी बसलेले नसते.