दहा लाखांत फक्त चाळीस

रेणू न मोडता त्याची रचना कळावी म्हणून रसायनशास्त्रज्ञ सर्वांत आधी एनएमआरकडे, म्हणजे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाकडे वळतात. हायड्रोजनचं केंद्रक, अर्थात प्रोटॉन, चुंबकीय क्षेत्रात ठरावीक वारंवारतेच्या रेडिओ लहरींनाच दाद देतं. 1 टेस्लाला ती 42.58 मेगाहर्ट्झ. आजूबाजूच्या इलेक्ट्रॉनांमुळे ती किंचित सरकते, आणि त्या सरकण्यातच सगळी माहिती असते. 1951 साली अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांना इथेनॉलच्या संकेताच्या आलेखात एकाऐवजी तीन शिखरं दिसली, क्षेत्रफळं 1:2:3. रेणूतल्या हायड्रोजनांची विभागणी नेमकी तशीच असते. (यातले धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले.)

एवढ्या गुणी तंत्राची खोड एकच: संकेत फार क्षीण. 11.7 टेस्लाच्या चुंबकात, खोलीच्या तापमानाला, दहा लाख प्रोटॉनांपैकी साधारण 5,00,020 क्षेत्राच्या दिशेने असतात आणि 4,99,980 उलट. बाकीचे एकमेकांना खोडून काढतात आणि हाती उरतात चाळीस.

मोजणी पुन्हा पुन्हा करून बेरीज घेता येते, पण दसपट स्पष्टतेला शंभर मोजण्या लागतात. वारंवारता एकेक करून तपासली जायची तोवर हे फार वेळखाऊ होतं. 1960च्या दशकात रिचर्ड अर्न्स्ट आणि वेस्टन अँडरसन यांनी एकाच क्षणिक स्पंदाने सगळ्या वारंवारता चेतवल्या आणि त्या गुंत्यातून फूरिए गणिताने वर्णपट सोडवून घेतला. अर्न्स्ट यांना 1991 चं नोबेल मिळालं.

चुंबकंही वाढत गेली. आजची 28.2 टेस्लाची यंत्रं प्रथिनांची दाटलेली शिखरं सुटी करतात, त्यासाठी ती हवीतच. पण चाळिसाचे तिथेही शंभर होत नाहीत! त्यामानाने क्रायोप्रोब जास्त हुशार वाटतो. नमुना नेहमीच्या तापमानाला, आणि त्याच्याभोवतीचं संकेत टिपणारं वेटोळं मात्र 20 केल्विनच्या (उणे 253 अंश सेल्सिअसच्या) आसपास. मध्ये निर्वात पोकळी. तारेतला उष्णतेचा गोंगाट घटतो, स्पष्टता तिप्पट-चौपट होते. चौपट स्पष्टता म्हणजे सोळाव्या हिश्श्यात काम.

सर्वांत धाडसी वाट म्हणजे तो चाळिसाचा आकडाच बदलणं. इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व प्रोटॉनच्या सुमारे 660 पट. त्याची शिस्त केंद्रकांना लावता येईल, असं अल्बर्ट ओव्हरहाउसर यांनी 1953 साली मांडलं तेव्हा भल्याभल्यांनी शंका घेतली. कार्व्हर आणि स्लिक्टर यांनी त्याच वर्षी लिथियमवर ते करून दाखवलं. 2003 साली तर नमुना 1 केल्विनजवळ गोठवून, मायक्रोवेव्हने ध्रुवित करून (म्हणजे केंद्रकं एका दिशेला वळवून), गरम द्रावकात झटकन विरघळवला आणि कार्बन-13 चा (एनएमआरमध्ये दिसणाऱ्या कार्बनच्या प्रकाराचा) संकेत दहा हजार पटींहून वाढला. दशकभरातच प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णांना असं ध्रुवित पायरुव्हेट (पेशी साखर मोडताना बनणारा पदार्थ) टोचून त्याचं लॅक्टेट होताना पाहता आलं. अडचण एवढीच, की हे ध्रुवण मिनिटभरात ओसरू लागतं, म्हणून ध्रुवित करणारं यंत्र रुग्णाजवळच लागतं. पॅराहायड्रोजनच्या (ज्याच्या रेणूतल्या दोन प्रोटॉनांच्या फिरक्या परस्परविरुद्ध असतात, अशा हायड्रोजनच्या) पद्धतीत नमुना न गोठवता काही सेकंदांत ध्रुवण मिळतं, त्यामुळे अनेक प्रयोगशाळा आता तिच्या मागे लागल्या आहेत.