हेझी बिअर : चाखणं आणि गुण देणं

हेझी बिअर म्हणजे मुद्दाम गढूळ ठेवलेली, हॉप्समुळे (बिअरला वास नि कडवटपणा देणारी फुलं) फळांसारखा वास आणि बेताचा कडवटपणा असलेली एल (कोमट तापमानाला आंबवलेली बिअर). हा शब्द जास्त करून न्यू इंग्लंड पद्धतीच्या इंडिया पेल एलसाठी, म्हणजे हेझी आयपीएसाठी वापरतात, या नोंदीतही तोच अर्थ धरलाय. गव्हाची जर्मन वाइसबिअर नि बेल्जियन विट याही ढगाळच असतात, पण त्यांची जात वेगळी आणि मापंही वेगळी, त्यामुळे त्या इथं तुलनेपुरत्याच येतील. सोलापुरात असा ग्लास पहिल्यांदा समोर आला की "काय बे, गाळायची राहिली का" हा प्रश्न ठरलेला. प्रश्न चुकीचा नाहीये, कारण खरंच गाळलेली नसते.

उगमाबद्दल एकमत नाही. सगळ्यात जास्त सांगितली जाते ती हकिकत अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातली. तिथल्या वॉटरबरी गावात जॉन किमिक आणि त्याच्या बायकोनं २००३ साली द अल्केमिस्ट नावाचा पब काढला आणि तिथं हेडी टॉपर ही डबल आयपीए (जास्त हॉप्स नि जास्त अल्कोहोलची आयपीए) न गाळता द्यायला सुरुवात झाली. २८ ऑगस्ट २०११ ला आयरीन वादळाच्या पुरात पब गेला, पण कॅन भरायचा कारखाना गावातच तयार होत आला होता, तो लगोलग चालू झाला आणि एका पबापुरती असलेली बिअर कॅनमधून लांब लांब जायला लागली. कॅनवर 'कॅनमधूनच प्या' असं छापलेलं असायचं. वास उडू नये म्हणून, असं करणाऱ्याचं म्हणणं, आणि गढूळ रंग बघून गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून, असंही काही जण म्हणतात.

दुसरं मत असं की किमिकच्याही आधी ग्रेग नूननला मान द्यायला हवा. नूननचा व्हरमाँट पब अँड ब्रुअरी बर्लिंग्टनमध्ये १९८८ पासून चालू होता, किमिक तिथंच शिकला, आणि ज्या यीस्टमुळे हेडी टॉपरला पीचसारखा वास येतो ते 'कोनन' नावाचं यीस्ट नूननकडूनच आलं असं मानतात. नूननकडे ते इंग्लंडातून आलं ही परंपरेनं चालत आलेली गोष्ट, ती तशीच घ्यावी. तिसरं मत मॅसॅच्युसेट्सवाल्यांचं. ट्री हाउस (साधारण २०११ च्या सुमारास) आणि बोस्टनची ट्रिलियम (२०१३) यांनी ओट्स वाढवले, उकळताना घालायचे हॉप्स जवळपास काढून टाकले आणि सगळा जोर ड्राय हॉपिंगवर (उकळून झाल्यावर, आंबताना किंवा त्यानंतर हॉप्स घालणं) दिला, आजची ज्यूससारखी हेझी खरी तिथं घडली. हेडी टॉपर शेजारी ठेवून प्यायली तर ती चांगलीच कडवट लागते, त्यामुळे बिअर न गाळायची रीत व्हरमाँटची आणि आजची चव मॅसॅच्युसेट्सची, असं म्हणणं जास्त बरोबर वाटतं. इंग्लंडात मूर ब्रुअरीच्या जस्टिन हॉकनं न निवळलेल्या बिअरचा आग्रह धरला होता, तो धागा बहुधा स्वतंत्र आहे.

नावातल्या 'इंडिया'वरूनही बराच वाद झालाय. लंडनच्या बो भागातल्या हॉजसननं समुद्रप्रवासात टिकावी म्हणून मुद्दाम जास्त हॉप्स नि जास्त अल्कोहोलची नवी बिअर शोधली ही गोष्ट अजून सगळीकडे छापली जाते, पण बिअरचा इतिहास लिहिणाऱ्या मार्टिन कॉर्नेलनं ती खोडून काढलीये. जास्त हॉप्स घातलेली, मुरवायची पेल एल आधीपासून होतीच, आणि त्याच जहाजांतून पोर्टर ही गडद बिअरही मुंबई-मद्रासला व्यवस्थित पोचत होती. 'ईस्ट इंडिया पेल एल' असा छापील उल्लेख १८२९ साली सिडनीच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत सापडतो. त्या बिअरचा आजच्या हेझीशी संबंध नावापुरताच.

शैली म्हणून अधिकृत नोंद मात्र उशिरा झाली. अमेरिकेच्या ब्रुअर्स असोसिएशननं २०१८ साली 'ज्यूसी ऑर हेझी' असे तीन गट केले, आणि त्याच वर्षी डेन्व्हरच्या ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हलमध्ये हेझी आयपीए गटात सगळ्यात जास्त प्रवेशिका आल्या. बिअर परीक्षकांची बीजेसीपी ही संस्था १९८५ पासूनची, तिच्या २०२१ च्या नियमावलीत हेझी आयपीए २१सी या क्रमांकावर आहे : अल्कोहोल ६ ते ९ टक्के, कडवटपणा २५ ते ६० आयबीयू (कडवटपणाचं एकक), रंग ३ ते ७ एसआरएम (रंगाचं एकक), म्हणजे फिकट पिवळ्यापासून सोनेरीपर्यंत.

गढूळपणा कशानं येतो यावर खूप लिहिलं गेलंय आणि त्यातलं बरंचसं उलटसुलट आहे. यीस्ट तरंगतं म्हणून, हा लोकप्रिय समज. विटमध्ये किंवा वाइसबिअरमध्ये त्यात तथ्य आहे, हेझी आयपीएत यीस्टचा वाटा कमी. इथला मुख्य ढग धान्यातली प्रथिनं आणि हॉप्समधले पॉलिफिनॉल (तुरट लागणारी संयुगं) एकमेकांना चिकटून होणाऱ्या बारीक कणांचा. कॉर्नेल विद्यापीठाच्या कार्ल सीबर्टनं यावर मांडणी केलीये : ज्या प्रथिनांत प्रोलीन (एक अमिनो आम्ल) जास्त ती पॉलिफिनॉलला धरतात, आणि दोन्हीकडच्या जोडायच्या जागा बरोबरीत आल्या की ढग सगळ्यात दाट होतो, एक बाजू फार वाढली की कमी होतो. म्हणून नुसतं गहू वाढवत नेलं की बिअर जास्त गढूळ होते असं नाही. बेल्जियममधल्या ल्युव्हेन विद्यापीठाच्या कामात गव्हाचं प्रमाण फार झालं की ढग उलट खाली बसतो असं दिसलंय. थंडीत येणारा आणि ग्लास कोमट झाला की जाणारा ढग वेगळा, कायमचा वेगळा. मोजणी ईबीसी किंवा एनटीयू या गढूळपणाच्या एककांत करतात (१ ईबीसी म्हणजे ४ एनटीयू), उजेडाचा झोत टाकून नव्वद अंशात किती प्रकाश विखुरतो ते बघायचं. यीस्ट पूर्ण जोरात असताना हॉप्स घातले तर यीस्ट हॉप्समधल्या जिरॅनिओलचं सिट्रोनेलॉल (दोन्ही वासाची संयुगं) करतं हे प्रयोगातून दिसलंय, पण त्यामुळे ग्लासातल्या वासात नेमका किती फरक पडतो यावर जाणकार सावधपणेच बोलतात. पाण्याचं सोपं आहे, सल्फेटपेक्षा क्लोराइड जास्त ठेवलं की तोंडात मऊ लागतं.

आता गुण. बीजेसीपीच्या ५० गुणांच्या कागदावर वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या पोताला ५ आणि एकूण ठशाला १० गुण. म्हणजे ज्या गढूळपणावरून एवढी चर्चा चालते तो ५० पैकी ३ गुणांत बसतो, आणि त्या तिनांत फेस नि रंगही आला. बिअरअ‍ॅडव्होकेट या संकेतस्थळावर याच पाच गोष्टींना टक्क्यांत वजन दिलंय, २४, ६, ४०, १० आणि २०, गुणाकार करून पाहिला तर प्रमाण तंतोतंत तेच निघतं. अनटॅप्ड हे अ‍ॅप २०१० पासूनचं, तिथं सगळ्याचा मिळून ५ पैकी एकच आकडा द्यायचा असतो, पाव पाव गुणाच्या पायरीनं, आणि लेबल झाकलेलं नसतं. तिथं हेझी आणि जास्त अल्कोहोलच्या बिअर वर चढतात, साधी चांगली लागर (थंड तापमानाला आंबवलेली बिअर) बिचारी साडेतीनच्या आसपास पडून राहते. स्पर्धेतले परीक्षक लेबल न बघता चाखतात आणि एकाच बिअरला दोघांच्या गुणांत सातपेक्षा जास्त फरक पडला तर बोलून तो कमी करतात. ४५ नि त्याच्या वर असाधारण, ३८ ते ४४ उत्तम, ३० ते ३७ खूप चांगली, २१ च्या खाली गेली की काहीतरी बिघडलंय.

दिसण्याच्या त्या तीन गुणांतही नुसता गढूळपणा पुरत नाही. उजेडात धरल्यावर हेझीला आतून चमक हवी, फेस पांढरा नि दाट हवा, आणि गोळे, हॉप्सचे हिरवे तुकडे किंवा चिखलासारखा तळ दिसला तर गुण कापायचे. फेस लगेच बसला तर आधी ग्लासवर संशय घ्यावा. साबणाचा जरासा अंश राहिला तरी फेस मरतो, आणि जिथं नळाला काही दिवसांआड पाणी येतं त्या सोलापुरात ग्लास तीनदा खळखळून धुवायचं कुणाच्या जिवावर येतं ते वेगळं सांगायला नको.

वासासाठी इंग्रजी याद्यांत पॅशनफ्रूट, ग्रेपफ्रूट असले शब्द असतात. त्यामागची रसायनं थायॉल या गंधकयुक्त गटातली, फार सूक्ष्म प्रमाणातही नाकाला कळणारी. आपल्याकडे पपनस, पेरू, पिकलेला आंबा, अननस, संत्र्याची साल असं लिहिलं तरी तितकंच अचूक होतं, उलट ज्यानं पपनस सोलून खाल्लंय त्यानं ग्रेपफ्रूट लिहिणं म्हणजे ऐकीव साक्ष. सिट्रा, मोझेक, गॅलक्सी, नेल्सन सोव्हिन हे इथले नेहमीचे हॉप्स. काही हॉप्स उशिरा काढले की कांदा-लसणाचा वास देतात, हा दोष आहे, आणि कांद्याच्या एवढ्या मोठ्या मार्केट यार्डाशेजारी वाढलेल्या नाकांना तो इतरांच्या आधी कळायला हरकत नाही. घशात हिरवी, खरखरीत जळजळ झाली तर हॉप्सचा चुरा खाली बसायच्या आत कॅन भरला असं समजावं. बटर किंवा पॉपकॉर्नचा वास म्हणजे डायअ‍ॅसिटिल. हॉप्समधल्या एन्झाइममुळे आंबणं पुन्हा सुरू होतं आणि यीस्टला मागचं आवरायला वेळ मिळाला नाही की ते राहून जातं.

पण सगळ्यात मोठा दोष हवा लागण्याचा. बाकीच्या बिअर शिळ्या होतात, हेझी बिघडते. पिवळा रंग आधी मळकट नारिंगी होतो, मग करडा-तपकिरी, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा, फळांचा वास जातो आणि मागे ओल्या पुठ्ठ्याची किंवा शिजवलेल्या मधाची गोडसर चव राहते. ओट्समधून येणाऱ्या मँगनीजमुळे हे जास्त लवकर होतं असं अलीकडचं मत आहे. ब्रुअरीवाल्यांचा ३-३०-३०० असा एक ठोकताळा आहे : ३२ अंश सेल्सिअसला ३ दिवसांत बिअरचं जेवढं नुकसान होतं तेवढं २२ अंशाला ३० दिवसांत आणि ३ अंशाला ३०० दिवसांत होतं. मेमध्ये सोलापूरचा पारा चाळीसच्या वर असतो, तेव्हा पुण्याहून अडीचशे किलोमीटर गाडीच्या डिकीत आलेल्या कॅनचं काय झालं असेल याचा हिशोब ज्यानं त्यानं करावा. महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीची सुरुवात डूलालीनं पुण्यात २००९ साली केली असं सर्वसाधारण मानतात आणि सोलापूरकरांची क्राफ्ट बिअरशी ओळख बहुतेक पुण्याच्या वाटेनंच झालीये. म्हणून इथं गुण देताना कॅनच्या बुडावरची तारीख आधी वाचावी, आणि कुठून कशी आणली, बर्फात होती का, शॉपीवाल्याच्या फ्रिजमध्ये होती की वरच्या फळीवर, हेही शेजारी लिहावं. ते न लिहिता दिलेला दोनचा गुण बिअरला नसून उन्हाला दिलेला असतो, आणि भोगते मात्र ब्रुअरी.

ताजेपणा ओळखायची सवय या भागाला नवीन नाही. शिंदी आणि ताडी दोन्ही ढगाळ, दोन्ही यीस्ट नि जिवाणूंच्या जोरावर आंबणाऱ्या, आणि सकाळची गोड, दुपारची आंबट हा हिशोब पिणाऱ्याला कुणी शिकवावा लागत नाही. सोलापूरच्या इतिहासात मद्याचा विषय येतो तोही शिंदीमुळेच : मे १९३० मध्ये रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडं तोडायला लोक जमले, गोळीबार झाला, पुढे शहरात मार्शल लॉ लागला आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं गेलं. तो सगळा विषय स्वतंत्र नोंदीचा.

चाखण्याची कृती सगळीकडची तीच, वेगळं सांगण्यासारखं फार नाही. ७ ते १० अंशाला ओतावी. परमिट रूमच्या बर्फगार सवयीनं दिली तर वास उठतच नाही आणि १२ गुण तिथंच वाया. आधी वास, मग घोट. हलक्याकडून तेज बिअरकडे जावं. चकणा मात्र गुण लिहून झाल्यावर. शेंगा चटणीतला लसूण नि तिखट जिभेवर बसलं की पपनस वगैरे काही सापडत नाही आणि हॉप्सचा कडवटपणा तिखटाला आणखी पेटवतो. दोन बिअरच्या मधे तोंड साफ करायला नुसत्या कडक भाकरीचा तुकडा आणि पाणी चांगलं. मटणाबरोबर हेझी लागते बरी, पण ते जेवण झालं.

कायद्याच्या बाजूनं दोनच गोष्टी. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची, परवानाही लागतो. आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या मानकांत बिअरची कमाल मर्यादा ८ टक्के अल्कोहोलची आहे, त्यामुळे बीजेसीपीच्या मापात बसणारी ८ टक्क्यांच्या वरची हेझी भारतात बिअर म्हणून विकता येत नाही, आणि इथं हेझीला गुण देताना हे वरचं टोक सोडूनच द्यावं लागतं.