तोळाभर शिसं

माझी मुलगी नागपुरातल्या एका रेंजवर एअर रायफलचा सराव करते. संध्याकाळी तिला आणायला गेलो की लक्ष्यामागच्या पोलादी पेटीत पडलेले छर्रे मी हातात घेऊन बघतो. नळीत घालण्याआधी हा छर्रा इवल्याशा डमरूसारखा असतो, कमरेत बारीक आणि पुढून सपाट. दहा मीटर जाऊन, कागद भेदून पोलादावर आदळला की त्याची पापडी होते. कडा तडकलेल्या, मध्ये चकाकी. नखानं ओरखडा उठतो आणि कागदावर ओढला तर शिसपेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. पेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं. या छर्‍यात मात्र अस्सल शिसं आहे. म्हणूनच तिच्या प्रशिक्षकांचा एक नियम कधी मोडत नाही: साबणानं हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही.

एकदा माझ्या पुतण्यानं विचारलं, "काका, यानं हरीण पडेल का?" त्याला दोन उत्तरं दिली. पहिलं, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चितळ, सांबर, काळवीट यांच्या शिकारीला बंदी आहे आणि ती असलीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. दुसरं, नाही पडणार. दुसर्‍या उत्तराचं कारण सांगायला बसलो आणि पुढे कितीतरी दिवस त्याच विषयात गुंतून राहिलो. अमेरिका, ब्रिटन, जपान, डेन्मार्क अशा देशांत हरणांची शिकार परवान्यानं होते. लांडग्यांसारखे शिकारी प्राणी संपले किंवा कमी झाले, तिथे हरणांचे कळप वाढून जंगलाची नवी रोपं खाऊन टाकतात. त्यामुळे हरणासाठी कोणती गोळी निवडायची हा तिथे रोजचा, व्यावहारिक प्रश्न आहे. त्याच्या उत्तरात भौतिकशास्त्र आहे, धातुशास्त्र आहे, आणि शेवटी गिधाडंही येतात.

आधी एक गफलत दूर करू. आपण ज्याला सरसकट गोळी म्हणतो ते बहुतेक वेळा काडतूस असतं: पितळेची नळकांडी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडात बसवलेली गोळी. उडते ती फक्त गोळी. तिचं वजन अजूनही ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या जेमतेम निम्मा. हरणासारख्या प्राण्यांसाठी अमेरिकेत गाजलेल्या थर्टी-ऑट-सिक्स या काडतुसात १८० ग्रेनची गोळी सर्रास वापरतात. आणि १८३३ साली इंग्रजांनी तोळ्याचं वजन ठरवलं तेही १८० ग्रेनच. ११.६६ ग्रॅम. म्हणजे शिकार्‍याच्या बंदुकीतून दरवेळी बरोबर एक तोळा धातू बाहेर पडतो.

हा तोळा नळीतून सेकंदाला साधारण ८२० मीटर वेगानं सुटतो. वस्तुमानाचा निम्मा गुणिले वेगाचा वर्ग, हे शाळेतलं सूत्र लावलं की ऊर्जा येते जवळपास ३९०० जूल. कळमन्याच्या बाजारातलं ४० किलोचं पोतं दहा मीटर वर चढवायला एवढीच लागते. मुलीच्या छर्‍यात सात-आठ जूल असतात, एक लिटरची बाटली जमिनीवरून टेबलावर ठेवण्याइतके. फरक पाचशे पटींचा.

इथे बहुतेकांची समजूत चुकते. एवढी ऊर्जा असेल तर हरीण उडून पडत असेल, असं वाटतं. पण ढकलण्याचं काम संवेगाचं, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचं, आणि त्यात वेगाचा वर्ग येत नाही. तोळाभर गोळी ८० किलोच्या नर चितळाएवढ्या प्राण्याच्या अंगात रुतून बसली, तर त्या प्राण्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम १२ सेंटिमीटर. रांगणारं बाळही त्याहून जोरात जातं. गोळी जनावराला पाडत नाही. हृदय किंवा फुप्फुस फाटतं, रक्तदाब कोसळतो, मेंदूला रक्त पोचेनासं होतं आणि मग ते पडतं. नेम नेमका लागला तरी यात दहा-पंधरा सेकंद जाऊ शकतात, आणि तेवढ्यात हरीण शंभर मीटर पळून जातं. नेम चुकला, गोळी पोटात किंवा पायात लागली, तर हे सेकंद तासांचे होतात. शिकारीबद्दल कुणाचं मत काहीही असो, मरणार्‍या प्राण्याच्या वाट्याला किती वेळ वेदना येते, हा गोळीच्या निवडीतला सगळ्यात मोठा मुद्दा आहे.

तो वेळ कमी कसा होतो, याचं उत्तर गोळीच्या टोकात सापडतं. शिसं मऊ आणि जड असतं. पाण्याच्या अकरा पटींहून अधिक घनतेचं आणि ३२७ अंशांना वितळणारं. जुन्या बंदुकांतली शिशाची गोळी शरीरात शिरताना आपोआप चपटी व्हायची. पण १८८० च्या दशकात धूर न करणारी दारू आली, वेग वाढला, आणि नुसतं शिसं नळीत आतून कोरलेल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या पिळांना लिंपून बसू लागलं. त्यावर स्वित्झर्लंडच्या एदुआर्ड रुबिन यांनी शिशाला तांब्याचं कवच चढवलं. नळी स्वच्छ राहू लागली, गोळी सरळ आणि लांब जाऊ लागली, पण शरीरातूनही ती तशीच सरळ आरपार जायची, मागे बारीक भोक ठेवून. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर लढणार्‍या इंग्रज फौजेनं तक्रार केली की समोरचा माणूस गोळी लागूनही चालून येतो. तेव्हा कोलकात्याजवळच्या दमदम इथल्या शस्त्रशाळेत बर्टी-क्ले नावाच्या अधिकार्‍यानं कवचाचं टोक उघडं ठेवून आतलं शिसं बाहेर डोकावू दिलं. अशी गोळी शरीरात शिरताच अळंब्यासारखी फुलायची. जखमा इतक्या भयंकर होऊ लागल्या की १८९९ साली हेगच्या परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरू नयेत असा जाहीरनामा निघाला.

आणि हरणांसाठी कायदा नेमका उलटा. इंग्लंडच्या १९९१ च्या हरीण कायद्यानुसार रायफलची गोळी मऊ किंवा पोकळ टोकाचीच हवी. पूर्ण कवचाची, सैनिकी गोळी हरणावर झाडणं गुन्हा आहे. मोठ्या जातींच्या हरणांसाठी गोळीचा व्यास ६.१ मिलिमीटरपेक्षा आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा सुमारे २३०० जूलपेक्षा कमी चालत नाही. एकाच गोळीबद्दल माणसाने दोन उलट नियम केले, आणि मला दोन्ही पटतात. जखमी सैनिकावर उपचार होऊ शकतात, तो वाचू शकतो. जखमी हरणाला उचलून नेणारं कुणी नसतं.

फुलणं म्हणजे नक्की काय, हे बघायला शास्त्रज्ञ जिलेटिनचे ठोकळे वापरतात. दहा टक्के जिलेटिन, फ्रिजमध्ये चार अंशांना गार केलेलं. दिसायला घट्ट खरवसासारखं, वागायला स्नायूंसारखं. गोळी शिरली की ठोकळा क्षणभर फुगतो, आत मोठी पोकळी होते आणि काही मिलिसेकंदांत मिटते. उरतो तो कायमचा बोगदा. फुप्फुस लवचीक असल्यामुळे क्षणिक ताण बराच सोसतं, यकृत सोसत नाही, फाटतं. आठ मिलिमीटरची गोळी फुलून सोळाची झाली, कोटाच्या बटणाएवढी, तर तिचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि बोगदाही त्या मानाने रुंद. पण यालाही मर्यादा आहे. फार लवकर फुलली तर गोळी कातडी-स्नायूंतच थांबेल, हृदयापर्यंत पोचणारच नाही. आणि अंतर वाढून वेग सेकंदाला साडेपाचशे मीटरच्या खाली आला, तर बर्‍याच गोळ्या नीट फुलत नाहीत. तीच गोळी जवळून फुटते आणि फार लांबून आरपार जाते. म्हणून सगळ्यात ताकदवान गोळी कोणती, असं विचारण्यात अर्थ नाही. कोणता प्राणी, किती अंतरावरून, हे ठरल्याशिवाय गोळी निवडताच येत नाही.

१९४६ साली कॅनडात जॉन नॉसलर नावाच्या शिकार्‍याला याचा अनुभव आला. चिखलानं माखलेल्या मूस या प्रचंड हरणाच्या खांद्यावर त्याच्या गोळ्या वरच्या वर फुटत गेल्या. त्यानं मग गोळीच्या पोटात तांब्याचा आडपडदा घातला: पुढचं शिसं फुलणार, मागचं कवचात शाबूत राहून आत घुसणार. त्याच्या पडद्याची गोळी आजही विकली जाते.

पण फुलताना जे शिसं झडतं, ते कुठे जातं? या प्रश्नाकडे शिकार्‍यांचं कितीतरी वर्षं लक्षच गेलं नाही. शिकारी हरीण जागीच सोलतात आणि आतडी रानात टाकून जातात. अमेरिकेत संशोधकांनी अशा ढिगांचे आणि मारलेल्या हरणांचे एक्स-रे काढले. काळ्या पार्श्वभूमीवर पांढर्‍या कणांचा सडा पडलेला. काही ढिगांत दोनशेहून अधिक तुकडे, बरेचसे रव्याच्या कणाएवढे आणि जखमेपासून वीतभर लांब उडालेले. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि चावतानाही कळत नाहीत. २००८ साली नॉर्थ डाकोटातल्या एका डॉक्टरांनी गरिबांना वाटायच्या हरणाच्या खिम्याची पाकिटं सीटी स्कॅनमध्ये घातली, तर निम्म्याहून अधिक पाकिटांत धातू निघाला. तो खिमा नष्ट करावा लागला.

रानातल्या ढिगावर पक्षी उतरतात. गिधाडांच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की सडक्या मांसातले जंतू त्यात मरतात, आणि हीच ताकद इथे त्यांच्या मुळावर येते, कारण शिसंही त्यात विरघळून रक्तात उतरतं. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसतं. रक्तातला हीम हा घटक तयार करणारं विकर (एन्झाइम) बंद पडतं, मज्जातंतू निकामी होतात, अन्ननलिका हलेनाशी होते. पोटभर खाल्लेला पक्षी उपाशी मरतो. कॅलिफोर्नियाचे काँडोर हे गिधाडांसारखे प्रचंड पक्षी १९८७ साली २७ उरले होते, सगळेच्या सगळे पिंजर्‍यात. त्यांना पुन्हा रानात सोडलं तेव्हा त्यांच्या मरणाचं मोठं कारण शिसंच निघालं. जपानमध्ये होक्काइडो बेटावर सिका हरणांच्या अवशेषांवर जगणारे समुद्री गरुड असेच मेले, आणि तिथे २००० सालापासून हरणांसाठी शिशाच्या रायफल-गोळ्या बंद झाल्या. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिसं पूर्ण बंद, डेन्मार्कमध्ये १ एप्रिल २०२४ पासून रायफलच्या गोळ्यांतही.

पर्याय निखळ तांब्याचा. टोकाला पोकळी असलेली तांब्याची गोळी फुलाच्या पाकळ्यांसारखी मागे वळून उघडते आणि जवळजवळ सगळं वजन टिकवून ठेवते, त्यामुळे कण झडत नाहीत. तांबं शिशाहून हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला हवेत सरळ ठेवायला नळीचा पीळ जास्त घट्ट लागतो. यावर सोपा उपाय, १८० ऐवजी १५० ग्रेनची घ्यायची. हलकी म्हणून वेगवान, आणि तांब्याला फुलायला वेग लागतोच. किंमत काही ठिकाणी जास्त पडते. मला ही तक्रार खरी वाटत नाही, कारण एका हरणासाठी एक-दोन गोळ्याच खर्च होतात.

आपल्याकडे हे सगळं कशाला, असं पुतण्यानंही विचारलं. आपली गिधाडं शिशानं नव्हे, गुरांना दिल्या जाणार्‍या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकानं संपली. २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पण २०२४ च्या जानेवारीत हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड-प्रजनन केंद्रातून लांब चोचीची दहा गिधाडं नागपूरजवळच्या पेंचमध्ये आणली गेली. आता या रानात एकेक पक्षी मोलाचा आहे. आणि विदर्भाच्या कडेकपारीत तोंडातून ठासून भरायच्या भरमार बंदुका अजून आहेत. त्यांत भरलं जातं तेही शिसंच. पिकात शिरलेल्या डुकरावर किंवा रोह्यावर (नीलगायीवर) चोरून बार टाकला, जनावर जखमी होऊन जंगलात पळालं आणि तिथे मेलं, तर गुन्हेगार काही त्याच्या मागे जात नाही. मेलेलं गिधाड सापडल्यावर त्याची तपासणी होते तेव्हा औषधासोबत यकृतातलं शिसंही दरवेळी मोजलं जावं, एवढी माझी मागणी आहे. त्या मेलेल्या डुकरापर्यंत माणसाच्या आधी गिधाडच पोचतं.