सहा फुटांवर अडलेला हात

लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात गोल्फचं मैदान आहे हे बडोद्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आत पाऊल टाकलेले थोडे. १९३०च्या दशकात युरोपीय पाहुण्यांसाठी ते आखलं गेलं. विजय हजाऱ्यांच्या या गावात चेंडू म्हटला की तो क्रिकेटचा, आणि गोल्फ म्हणजे बड्यांचं चालणं, असा माझाही समज होता. मागच्या हिवाळ्यात एका वर्गमित्राने ओढून नेलं म्हणून मी पहिल्यांदा ते हिरवळीचं वर्तुळ जवळून पाहिलं. मोर ओरडत होते आणि माझा मित्र, निवृत्त हाडांचा डॉक्टर, तीन फुटांवरच्या भोकाकडे बघत घामाघूम झाला होता.

लांबचे फटके त्याने झकास मारले होते. आता राहिला होता तो ‘पट’, म्हणजे ग्रीनवरून, भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरून, चेंडू भोकात हळूच ढकलायचा शेवटचा टोला. पटर, म्हणजे पट मारायची काठी, मागे गेला, पुढे आला, आणि चेंडूला लागायच्या ऐन क्षणी उजवं मनगट टुणकन उडालं. चेंडू भोकाला वळसा घालून पाच फूट पुढे. पुन्हा तेच. मागे उभा असलेला कॅडी, म्हणजे काठ्यांची बॅग उचलणारा मदतनीस, समजुतीने म्हणाला, “साहेब, बहु विचार ना करो.”

“विचार करतच नाहीये रे,” मित्र माझ्याकडे वळून म्हणाला. “नसांची तपासणी झाली, मानेचा एमआरआय झाला, सगळं नॉर्मल. याच हाताने सकाळी दाढी करतो, एक ओरखडा येत नाही.”

त्या वाक्यासरशी मला आमचे आजोबा आठवले. ते पुढे येतीलच.

आधी अशा जवळच्या पटचा हिशेब. गोल्फच्या भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा ४२.६७. सहा फुटांवरून चेंडूचा मध्य भोकाच्या कडांच्या आत राहायचा तर दिशा इकडे किंवा तिकडे साधारण १.७ अंशांहून जास्त चुकता कामा नये. घड्याळाचा मिनिटकाटा सतरा सेकंदांत जेवढा सरकतो तेवढीच ही मुभा, आणि तीसुद्धा जमीन सपाट असली तर. म्हणून जगातले उत्तमोत्तम व्यावसायिकही आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. १८ होलच्या (भोकांच्या), ७२ पारच्या, म्हणजे ७२ टोल्यांत संपवणं अपेक्षित असलेल्या, मैदानात ३६ टोले पटसाठी धरलेले असतात. तीनशे यार्डांची ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचा लांब फटका, टीव्हीवर दिसायला भारी, पण तीही एकच टोला आणि दोन फुटांचा पटही एकच टोला. मनगट उडायला लागलं की व्यावसायिकाची रोजीरोटीच गेली.

या मनगट उडण्याला गोल्फवाले ‘यिप्स’ म्हणतात. १९२७ची यूएस ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा जिंकणाऱ्या टॉमी आर्मर यांच्या नावावर हा शब्द जमा आहे. अनेक जण तो तोंडातून काढायलाही कचरतात, आपल्याकडे रात्री सापाला ‘जनावर’ म्हणतात तसं.

यिप्स झालेल्या बहुतेकांची कारकीर्द तिथेच आटोपते. जर्मन गोल्फपटू बर्नहार्ड लँगर यांची आटोपली नाही, म्हणून त्यांचं आयुष्य मला एखाद्या प्रयोगवहीसारखं वाटतं. जन्म १९५७चा, बव्हेरियातल्या आनहाउझेन या खेड्यातला, वडील गवंडी. आठ-नऊ वर्षांचं पोर पैशांसाठी श्रीमंतांच्या बॅगा उचलायला लागलं, १९७२ साली शाळा संपवून व्यावसायिक झालं आणि १९७६मध्ये युरोपच्या दौऱ्यावर निघालं. त्याच सुमारास, विशीच्या आतच, हात उडायला लागला. दोन-तीन फुटांवरून तीन-तीन, चार-चार पट लागायचे.

पहिला उपाय त्यांनी केला तो पकड उलटवण्याचा. नेहमीच्या पकडीत उजवा हात खाली असतो. त्यांनी डावा खाली नेला. काही वर्षांतच ते जिंकू लागले. मधे १९८१ साली इंग्लंडमधल्या फुलफर्डला चेंडू झाडाच्या बेचक्यात अडकला, तर हा गडी झाडावर चढला आणि तिथूनच त्याने तो ग्रीनवर टोलवला. (तो हात मुळीच उडाला नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.) १९८५ची मास्टर्स ही अमेरिकेतली मानाची स्पर्धा त्यांनी जिंकली आणि १९८६च्या एप्रिलमध्ये जागतिक क्रमवारी पहिल्यांदा जाहीर झाली तेव्हा पहिलं नाव त्यांचंच होतं.

पण मग यिप्स परत आले. या वेळी त्यांनी अशी पकड शोधली की बघणाऱ्याला वाटावं, माणसाचा हात मोडलाय की काय. डावा हात दांड्यावर खूप खाली, पटरची मूठ डाव्या कोपराखालच्या हाताला टेकलेली, आणि उजव्या पंजाने ती मूठ व तो हात एकत्र आवळलेले. मनगटाला हलायची सोयच ठेवली नाही. याच अवतारात १९९३ची मास्टर्स जिंकली. चारेक वर्षांनी तीही पकड दगा देऊ लागली, तेव्हा छातीशी टेकवायचा लांब दांड्याचा पटर आला.

हा माणूस तीनदा नव्याने पट शिकला. तरी लोकांच्या लक्षात काय राहतं? १९९१च्या रायडर कपमध्ये, म्हणजे युरोप विरुद्ध अमेरिका या सांघिक लढतीत, अगदी शेवटी त्यांनी हुकवलेला सहा फुटांचा पट. पुढच्याच आठवड्यात त्यांनी जर्मनीत स्पर्धा जिंकली, ते कुणी सांगत नाही.

आता आजोबा. ते बडोद्यातल्या एका कचेरीत कारकून होते. अक्षर मोत्यासारखं, म्हणून नकला करायचं काम सगळं त्यांच्याकडे. पंचेचाळिशीत त्यांचा हात रुसला. टाक कागदाला टेकला की अंगठा आत दाबला जायचा आणि तर्जनी काठीसारखी ताठ वर उठायची. त्याच हाताने ते अडकित्त्याने सुपारी अशी कातरायचे की पातळ पापुद्रे पडावेत. धोतराच्या निऱ्या, गंधाचं बोट, सुईत दोरा ओवणं, सगळं ठीक. वरिष्ठांना वाटलं कामचुकारपणा, आजीला वाटलं दृष्ट. महानारायण तेलाच्या बाटल्या रिकाम्या झाल्या.

लिहिणाऱ्यांचा हा आजार जुना आहे. इटलीतले वैद्य रामाझ्झिनी यांनी १७१३मध्ये लेखनिकांच्या हाताच्या तक्रारी नोंदवल्या. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या कचेऱ्यांत तो इतका फैलावला की पोलादी निबवर खापर फुटलं. विसाव्या शतकात त्याला मनाचा रोग ठरवून टाकलं. १९८२मध्ये शीही आणि मार्सडन या लंडनच्या डॉक्टरांनी असे रुग्ण बारकाईने तपासून मांडलं की यांच्यात वेडेपणा, भित्रेपणा इतरांपेक्षा जास्त नाही; हा स्नायूंना हुकूम सोडणाऱ्या यंत्रणेतला बिघाड आहे. त्याला फोकल डिस्टोनिया म्हणतात, आणि एकाच कामापुरता उमटणं हे त्याचं विचित्र लक्षण.

बिघाड नेमका कुठे? मनगट आत वळवणारे स्नायू आणि बाहेर वळवणारे स्नायू यांचा एक करार असतो: एकाने ओढलं की दुसऱ्याने सैल सोडायचं. डिस्टोनियात हा करार मोडतो आणि दोघं एकदमच ओढू लागतात. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी गोल्फवाल्यांच्या हातांवर इलेक्ट्रोड चिकटवून हेच मोजलं. यिप्सची तक्रार असलेल्या दहांपैकी पाच जणांमध्ये टोल्याच्या अगदी आधी ही रस्सीखेच दिसली. तक्रार नसलेल्या दहांपैकी एकातही नाही. उरलेल्या पाचांचं काय? त्यांच्यातल्या काहींचा त्रास दडपणाचा असू शकतो. अंगवळणी पडलेल्या कृतीवर लक्ष रोखलं की ती फिसकटते. जिना उतरताना प्रत्येक पावलाचा विचार करून बघा. म्हणजे कॅडीचा सल्ला काही यिप्सवाल्यांना लागू पडतो, सगळ्यांना नाही. आणि कुणाला पडतो हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणं तज्ज्ञांनाही जड जातं.

हा करार मोडतो कशाने, याचा एक धागा माकडांनी दिला. मेंदूच्या पृष्ठभागावर हाताचा एक नकाशा असतो, प्रत्येक बोटाची हद्द वेगळी. १९९६मध्ये कॅलिफोर्नियात नॅन्सी बिल, मायकेल मर्झेनिक आणि सहकाऱ्यांनी घुबड-माकडांकडून मूठ मिटायची एकच हालचाल हजारो वेळा करून घेतली. त्यांचे हात नीट चालेनासे झाले. मेंदूतला नकाशा तपासला तर बोटांच्या हद्दी पुसल्या गेलेल्या. एकेका पेशीचं स्पर्शक्षेत्र कैक पटींनी सुजलेलं. ज्या लवचिकपणामुळे मेंदू शिकतो, तोच लवचिकपणा एकसुरी घोटण्याने हद्दी मिटवून टाकतो. आळशी माणसाला यिप्स होत नाहीत. ते होतात रोज शेकडो पट घोटणाऱ्याला, नकला करणाऱ्या कारकुनाला आणि रियाजी वादकाला. अमेरिकेचे नामांकित पियानोवादक लिऑन फ्लायशर यांची उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका १९६४च्या सुमारास आत वळली. पुढची तीसेक वर्षं ते डाव्या हातासाठी रचलेलं संगीत वाजवत राहिले. १९९०च्या दशकात बोटॉक्सच्या इंजेक्शनांनी स्नायू सैल झाले तेव्हा कुठे दोन्ही हात पुन्हा पियानोवर आले. मात्र घोटणाऱ्या सगळ्यांनाच हे होत नाही, वादकांत शंभरातल्या एखाद्याला होतं. त्यामुळे मुळात काहीतरी नाजूकपणा असणार, हे धरावं लागतं.

पकड बदलल्याने फरक का पडतो, हेही यातूनच कळतं. बिघाड स्नायूत नाही, ‘पट मारणे’ या घोटलेल्या कार्यक्रमात आहे. पकड इतकी बदलायची की मेंदूला वाटलं पाहिजे, हे काहीतरी वेगळंच काम चाललंय. किरकोळ बदल पुरत नाही. आणि नवी पकड घोटून घोटून जुनी झाली की तिच्याही वाटेला तेच येऊ शकतं. लँगर बरे झाले असं म्हणणं म्हणूनच मला चुकीचं वाटतं. रस्ता खचला की ते बाजूने नवी पायवाट पाडत गेले.

१ जानेवारी २०१६पासून पटर अंगाला टेकवायला बंदी आली. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते, संपले असं अनेकांना वाटलं. त्यांनी तोच लांब पटर छातीपासून थोडा दूर धरला आणि ज्येष्ठांच्या दौऱ्यावर जिंकत राहिले. २०२३मध्ये ६५व्या वर्षी यूएस सीनियर ओपन जिंकून त्या दौऱ्यावरचा ४६वा विजय, हेल आयर्विन यांचा विक्रम मोडून. फेब्रुवारी २०२४मध्ये टाचेमागचा कंडरा (स्नायू हाडाला बांधणारा दोर) तुटला. त्याच वर्षी नोव्हेंबरात, फीनिक्समध्ये, शेवटच्या होलवर सुमारे तीस फुटांचा पट घालून ४७वा.

हे सगळं मी मित्राला सांगितलं. त्याने पुढच्याच रविवारी ती मोडक्या हातासारखी दिसणारी पकड धरून पाहिली. पहिला पट चार फूट बाजूला गेला, पण मनगट उडालं नाही. कॅडी हसू दाबत होता.

आजोबांनी लँगर यांचं नावही ऐकलं नव्हतं. त्यांनी टाकाला सुताचा दोरा गुंडाळून तो बोटाएवढा जाड केला आणि अंगठा सोडून तर्जनी व मधल्या बोटाच्या बेचक्यात धरायला लागले. नोकरी टिकली. त्यांची हिशेबाची वही माझ्याकडे आहे. एका पानावर ‘दूध’पर्यंत गोल, मोत्यांचं अक्षर आहे, पुढे ‘रॉकेल’ थरथरत खाली घसरलंय, मग तीन पानं आजीच्या हातची, आणि त्यानंतर उजवीकडे कललेलं, उंच, अनोळखी अक्षर सुरू होतं, ते वही संपेपर्यंत तसंच. दोरा गुंडाळलेला टाकही त्याच कपाटात आहे. परवा तो बेचक्यात धरून मी माझं नाव लिहिलं. बालवाडीतल्या मुलाने लिहावं तसं आलं.