उन्हाळ कांद्यानं बदललेला कसमादेचा उन्हाळा

कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा. नाशिक जिल्ह्याच्या या उत्तरेकडच्या पट्ट्यात, म्हणजे कसमादेत, एप्रिल-मे महिन्यात घराला कडी आणि अख्खं कुटुंब शेतात, हे आता नेहमीचं झालंय. कांदा काढायचा, खांडायचा म्हणजे पात कापायची, चाळीत म्हणजे साठवणीच्या हवेशीर छपरात भरायचा आणि हे सगळं वळवाच्या आत उरकायचं. नोकरीला शहरात गेलेला भाऊसुद्धा सुट्टी टाकून येतो. पूर्वापार असंच चालत आलं असावं असं वाटतं, पण तीन-चार पिढ्यांमागं इथला उन्हाळा तसा मोकळा होता.

तेव्हा खरिपाची बाजरी आणि पाण्याच्या आधारानं गहू-हरभरा, एवढ्यावर शेत चाले. मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर फडपद्धतीचे बंधारे होते. पाटाखालच्या जमिनीचे फड पाडायचे, कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं ते गावानं मिळून ठरवायचं, आणि पाटकऱ्यानं पाणी फिरवायचं. पण होळीनंतर नदीच आटत जाई. मग खळी उरकली की शेतात राहायची ती मशागत. नांगरट करून ढेकळं उन्हात तापू द्यायची, तणांच्या काशा, म्हणजे मुळं, वेचायच्या, बांध नीट करायचे, उकिरड्यातलं खत गाडीनं वाहायचं. दुपारी बैलही झाडाखाली आणि माणसंही. लग्नं याच दिवसांत, कुरडया-पापडाचं वाळवणही याच दिवसांत. अक्षय तृतीयेला, म्हणजे आखाजीला, सासुरवाशिणी माहेरी येत, झाडांना झोके बांधले जात. वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदाराचं सालही आखाजीलाच संपायचं आणि नवं ठरायचं. शेतीचं वर्षच तिथं थांबून पुन्हा सुरू होत असे.

हे बदललं ते आधी पाण्यानं. गिरणेवरचं चणकापूर धरण ब्रिटिश काळातलं. त्याच्या कालव्यांनी काही गावं भिजली. पण बहुतेक कुटुंबांच्या शेतात पाणी आलं ते विहिरीतून. मोटेनं दिवसभर बैल हाकून जेमतेम काही वाफे भिजत. ऑइल इंजिन आणि मग विजेची मोटर आल्यावर तीच विहीर मार्चपर्यंत पीक धरू लागली. १९७२ च्या दुष्काळानं तर पाझर तलाव, नालाबांध आणि नव्या विहिरींचा लोंढाच आणला. भूविकास बँकेच्या कर्जावर खोदलेल्या विहिरी आजही त्या पिढीतले लोक कर्जाच्या आकड्यासकट सांगतात.

पाणी आलं तरी उन्हाळ्यात कांदाच का, याचं उत्तर कांद्याच्या स्वभावात आहे. खरिपाचा पोळ कांदा आणि त्यामागून येणारा रांगडा, दोन्ही टिकत नाहीत; काढला की विकावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत लावलेला उन्हाळ कांदा मात्र वाढत्या उन्हात पोसतो आणि कोरड्या हवेत वाळतो. त्याची मान बारीक असते, साल घट्ट बसते आणि तो काही महिने सुप्तावस्थेत जातो. गंमत अशी की कोंब दोन टोकांच्या तापमानाला दबून राहतात: शून्य अंशाजवळ, नाहीतर २५ ते ३० अंशांच्या पुढं. शीतगृह परवडणार कुणाला? इथल्या उन्हानंच ते काम फुकट केलं. पिंपळगाव बसवंतच्या केंद्रावर स्थानिक कांद्यातून निवडलेलं एन-२-४-१ हे वाण याच गुणामुळं घराघरांत पोचलं. १९७७ साली नाफेड या सहकारी पणन महासंघाच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या फलोत्पादन संशोधन प्रतिष्ठाननंही पुढं वाणं आणि चाळीचे आराखडे दिले.

या पिकाचं काम मात्र यंत्रानं फारसं हलकं केलेलं नाही. एकराला तीन-चार किलो उळं, म्हणजे बी, गादीवाफ्यावर टाकायचं. दीड-दोन महिन्यांनी रोप उपटून वाफ्यात लावायचं. १५ बाय १० सेंटिमीटरवर लावलं तर एकरी अडीच लाखांच्या आसपास रोपं होतात, आणि त्यातलं प्रत्येक रोप कुणाच्या तरी बोटांतून जातं. चार महिन्यांनी निम्म्याहून अधिक माना पडल्या की उपटणी सुरू होते; पाणी त्याआधीच तोडलेलं असतं. काढलेला कांदा वाफ्यातच अशा बेतानं पसरायचा की एका ओळीची पात शेजारच्या ओळीच्या कांद्यावर यावी. थेट उन्हानं कांदा पोळतो, म्हणून पातीची ही सावली. तीन-चार दिवसांनी खांडणी: इंच-दीड इंच मान ठेवून पात विळ्यानं कापायची. मान फार आखूड कापली की सड आत शिरते. हे सांगायला सोपं आहे, पण उक्त्या, म्हणजे ठोक दराच्या, कामात घाई असते आणि चाळीतल्या अर्ध्या तक्रारींचं मूळ मला तरी या विळ्यात दिसतं.

खांडलेला माल पुन्हा सावलीत वाळवायचा आणि निवडायचा. जोड कांदा, डेंगळा म्हणजे फुलाचा दांडा आलेला आणि जाड मानेचा बाजूला काढायचा, कारण तो चाळीत आधी सडतो आणि शेजारच्यालाही लावतो. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी. निवडीचं काम बहुधा बायका करतात, आणि माल किती टिकणार ते तिथंच ठरतं.

जुनी चाळ म्हणजे बांबू आणि तुराट्यांची भिंत, वर उसाचं पाचट आणि खाली नुसती जमीन. खालचा थर सडायचाच. सुधारित चाळीत तळ दीड-दोन फूट उचलला, खालून हवा खेळू दिली, थराची उंची पाच फुटांपर्यंत आणि रुंदी चार फुटांपर्यंत आणली. एक पाखी, म्हणजे एका रांगेची, चाळ दक्षिणोत्तर आणि दोन पाखी, म्हणजे दोन रांगांची, पूर्व-पश्चिम, हा नियमही वाऱ्याच्या आणि उन्हाच्या हिशेबानंच आला. २००५ नंतर राष्ट्रीय फलोत्पादन अभियानातून अनुदान मिळू लागलं आणि पत्र्याच्या चाळी रस्त्याच्या दुतर्फा दिसू लागल्या. तरी पावसाळ्याच्या दमट हवेत घट आणि सड थांबत नाही. चार-पाच महिन्यांत तीस-चाळीस टक्के माल कमी होतो. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्रानं २००२ च्या सुमारास विकिरणाची, म्हणजे कांद्यावर किरणांचा मारा करण्याची, सोय उभी केली, पण ती कोंब रोखते, सड नाही.

चाळीमुळं शेतकऱ्याला थांबता आलं, हे खरं. पण थांबण्याची जोखीमही व्यापाऱ्याकडून घराकडं आली, हे कमी बोललं जातं. लासलगावची बाजार समिती १९४७ ची. तिथला भाव सकाळी फुटतो आणि दुपारपर्यंत शेतातल्या गप्पांचा विषय होतो. पण तो भाव दिल्लीतल्या निर्णयांवरही ठरतो. १९८० मध्ये पुण्याजवळच्या चाकणला शेतकरी नेते शरद जोशींनी कांद्याच्या भावासाठी रस्ता रोखला, त्याच वर्षी नाशिक जिल्हा ऊस-कांद्यासाठी रस्त्यावर आला, आणि शेतकरी संघटनेचं पहिलं अधिवेशन १९८२ साली सटाण्यात भरलं ते उगीच नाही. १९९८ साली महाग कांद्यानं निवडणुकीत दिल्ली राज्याचं सरकार पाडलं, तेव्हापासून प्रत्येक सरकार शहरातल्या भावाला घाबरतं. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ती नेमकी उन्हाळ कांद्याच्या लागवडीच्या हंगामात. उठली ४ मे २०२४ ला, काढणी भर चालू असताना, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात दर आणि ४० टक्के निर्यात शुल्क लावून. दिंडोरी लोकसभा मतदारसंघात त्या महिन्यात मतदान झालं आणि जूनच्या निकालात केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार हरल्या. शुल्क पूर्ण हटायला १ एप्रिल २०२५ उजाडलं.

घरातल्या उन्हाळ्यावरही याचा ठसा आहे. पूर्वी सावडीनं, एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं, काम उरकायचं. आता सगळ्यांचा कांदा एकाच आठवड्यात तयार होतो, मग सावड कशी व्हायची? सुरगाणा-पेठकडच्या आदिवासी मजुरांच्या टोळ्या उक्त्या दरानं येतात आणि त्यांचीही ओढाताण असते. बेमोसमी पाऊस आणि गारपीट आली की मजुरीचा दर वाढतो, कारण सगळ्यांनाच आजच काढायचं असतं. आखाजीला माहेरवाशीण येते, पण झोक्याऐवजी निवडीच्या ढिगाजवळ बसते. आईशी गप्पाही तिथंच.

याच दिवसांत शेताच्या कोपऱ्यात आणखी एक काम चालू असतं. आदल्या वर्षीच्या चाळीतून निवडलेले एकसारखे कांदे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेले असतात. त्यांचे डेंगळे एप्रिल-मेमध्ये काळ्या बियांनी भरतात. मधमाश्या फिरल्या असतील तर चांगले भरतात. फुलोऱ्याच्या काळात औषध फवारायचं नाही, हे जुनी माणसं बजावून सांगतात. गोंडे काढून, वाळवून, चोळून उळं डब्यात भरायचं. विकतच्या बियाण्यात फसगत झालेली कुटुंबं हे काम सोडत नाहीत, आणि उरलं तर शेजाऱ्यालाही देतात.