धातूतले सिरॅमिक दाणे आणि झिजेचा हिशेब

मऊ धातूत कठीण दाणे बसवून झीज रोखायची, ही युक्ती शंभर वर्षं जुनी आहे आणि ती आली दिव्यांच्या धंद्यातून. बल्बसाठी टंगस्टनची तार हिऱ्याच्या डायमधून, म्हणजे बारीक भोकाच्या साच्यातून, ओढावी लागे, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीला त्या डाय परवडेनात. टंगस्टन कार्बाइड कठीण होतं, पण काचेसारखं तडकायचं. बर्लिनच्या ओस्राम कंपनीतल्या कार्ल श्रोटर यांनी त्याच्या भुकटीत थोडं कोबाल्ट मिसळलं, भुकटी दाबली आणि भट्टीत तापवली. वितळलेल्या कोबाल्टने दाणे एकमेकांना धरून ठेवले. पेटंटचं साल १९२३. १९२६ पासून क्रुप या जर्मन कंपनीने हा माल ‘विडिया’ नावाने बाजारात आणला. आपल्याकडे लेथवर काम करणारे आजही कार्बाइडच्या टूलला विडियाच म्हणतात.

अ‍ॅल्युमिनियमची पाळी यायला आणखी काही दशकं गेली. वजनाला ते लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश, पण घासलं गेलं की लगेच ओरखडतं आणि चिकटतं. १९६०च्या दशकात प्रदीप रोहतगी यांनी अमेरिकेत इन्को कंपनीत वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये ग्राफाइट मिसळून पाहिलं. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुरप्पा आणि रोहतगी यांनी सिरॅमिकचे दाणे रसात ढवळून ओतकाम केलं. त्यांचा १९८१चा शोधनिबंध या क्षेत्रात अजूनही उद्धृत होतो. ऐकायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात रस दाण्यांना भिजवतच नाही, दाणे वर तरंगतात किंवा गुठळ्या करतात, म्हणून मॅग्नेशियम घालावं लागतं. दाण्यांसाठी वापरलं जाणारं सिलिकॉन कार्बाइड रसात जास्त वेळ तापलं तर अ‍ॅल्युमिनियम कार्बाइड तयार होतं. ते ठिसूळ असतं आणि ओलाव्याने विघटित होतं. ते टाळायला सिलिकॉन जास्त असलेला मिश्रधातू घेतात.

वाहनउद्योगाने दाण्यांआधी तंतू उचलले. टोयोटाने १९८३ मध्ये डिझेल पिस्टनची वरच्या रिंगची खाच सिरॅमिक तंतूंनी मजबूत केली. होंडाने १९९०च्या सुमारास प्रिल्यूडच्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीत अ‍ॅल्युमिना आणि कार्बनचे तंतू घातले, त्यामुळे ओतीव लोखंडाच्या लायनरची (आतल्या अस्तराची) गरज उरली नाही.

दाणे घातले की झीज कमी होते, एवढंच सांगून बरेच लोक थांबतात, आणि तिथेच घोळ होतो. झिजेचे अभ्यासक आर्चर्ड यांचं १९५३चं सूत्र सांगतं की झीज भाराच्या आणि घसरलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढते, कठीणपणाच्या व्यस्त प्रमाणात घटते. पण या संमिश्रांत, म्हणजे दाणे घातलेल्या धातूंत, कठीणपणा सगळीकडे सारखा नसतोच. कॅनडातल्या विंडसर विद्यापीठात आल्पास आणि झांग यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं की कमी भारावर वजन दाणे पेलतात आणि संमिश्र स्पष्टपणे जिंकतं. भार वाढून दाणे फुटू लागले की साध्या मिश्रधातूवरची आघाडी जवळजवळ संपते. आणखी वाढवलं, तर धातू ओरबाडून निघण्याची अवस्था मात्र संमिश्रात उशिरा येते.

शिवाय ज्याच्यावर संमिश्र घासतं तो समोरचा भाग असतोच. बाहेर आलेला सिलिकॉन कार्बाइडचा दाणा पोलादाला किसतो, आणि त्या लोखंडाचा थर संमिश्रावर चढून त्यालाच वाचवतो! चाचणीत फक्त संमिश्राचं वजन केलं तर आकडे भलतेच गोड येतात. हाच दाणा कारखान्यातही आडवा येतो: कार्बाइडची टूलं चटकन बोथट होतात आणि हिऱ्याच्या टिपा वापराव्या लागतात. माझ्या मते या साहित्याचा प्रसार रोखला तो ताकदीच्या उणिवेने नव्हे, या खर्चाने. १९९६ मध्ये लोटस एलिसला अशा संमिश्राच्या ब्रेक डिस्क होत्या; काही वर्षांतच गाडी ओतीव लोखंडावर परतली.

अलीकडे ब्रेक डिस्कच्या झिजेचा प्रश्न पुन्हा उघडला तो युरोपात. तिथला २०२४चा युरो ७ नियम ब्रेकच्या धुळीवर मर्यादा घालतो: बहुतेक मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, पूर्ण विद्युत गाड्यांना ३. यात डिस्क आणि तिच्यावर दाबला जाणारा पॅड या दोन्हींची झीज एकत्र मोजली जाते.